मामा, उतरा, गाडी निघाली

कुठलीही उभी गाडी सुरू व्हायच्या आधी मी तिच्या बॉनेटवर तीन थापा मारते. पोराची असो, जावयाची असो, नाहीतर लग्नाला न्यायला आलेली भाड्याची असो. थापा मारते, "मामा, उतरा, गाडी निघाली" म्हणते आणि बाजूला होऊन थांबते. जावई पुण्याचे. पहिल्यांदा त्यांना वाटलं, सासूबाईंचं काही व्रत असेल, म्हणून त्यांनीही चपला काढून गाडीला हात जोडले.

व्रत कसलं आलंय. ही भिवाभाऊची सवय, मला लागलेली. माणूस जातो, पण त्याची एखादी सवय कुणाच्या तरी अंगाला चिकटून मागं राहते. भिवाभाऊची सगळ्यात मोठी सवय म्हणजे भ्यायची. ती मला चिकटली.

भिवाभाऊ आमचा शेजारी. वस्तीवरचा शेजार म्हणजे मधे दोन शेतं आणि एक पाट. निमगाव साव्याच्या अलीकडं आमची वस्ती, तिथून त्याच्या ओट्यावरचा बल्ब दिसायचा. सख्खा भाऊ नव्हे, पण भाऊबीजेला मी त्याला ओवाळायची आणि तो मला आक्का म्हणायचा. उंच, किडकिडीत, शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, आणि डोळे असे मोठाले की आत्ताच कुणी मागून येऊन दचकवलंय. नाव भिवा. गावातली टवाळ माणसं म्हणायची, आईबापानं नाव ठेवलं नाही, ओळखलं. "भिवा काय करतोय रं?" "भितोय." हा विनोद इतका जुना झाला होता की कुणी हसायचंही नाही, नुसतं बोलून मोकळं व्हायचं.

त्याच्याकडं पांढरी जीप होती. ओतूरचा बाजार, जुन्नरची कचेरी, कुणाचा दवाखाना, कुणाची सोयरीक, सगळं त्या जीपमध्ये व्हायचं. पण तो जीप सुरू कशी करायचा, ते बघायला हवं होतं.

आधी घरातून निरगुडीची काठी घेऊन बाहेर यायचा. लांबूनच वाकून गाडीखाली बघायचा. मग चारी टायरांना काठीनं टकटक. मग बॉनेटवर तळहातानं तीन थापा, आणि झोपलेल्या माणसाला उठवावं तशा आवाजात म्हणायचा, "मामा, उतरा, गाडी निघाली." मग ओठ हलवत वीस मोजायचा. मग काठीच्या टोकानं बॉनेट उचलायचा, तेही बाजूला उभा राहून. "समोर उभं राहायचं न्हाई, आक्का. आत कोण बसलंय, आपल्याला काय म्हाईत?" बॉनेट वर झालं की आधी वास घ्यायचा. नंतर हातातली बॅटरी पेटवून एकेका वायरीवरून बोट फिरवायचा. लाल, पिवळी, काळी, निळी. पोरं शाळेतून घरी आली की आई मोजते ना, तसं.

मामा म्हणजे उंदीर, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्याकडं ऊस तुटून गेला की रानातले उंदीर वस्तीकडं सरकतात. कांद्याच्या चाळीत खायला मिळतं आणि चाळीशेजारी लावलेल्या गाडीत ऊब मिळते. आणि दात शिवशिवले की वायरी आहेतच. भिवाभाऊनं काय काय नाही केलं. तंबाखूची पानं बांधली. डांबरगोळ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून आत टांगल्या. त्या जीपमध्ये बसलं की पेटीतला लग्नातला शालू नेसल्यासारखं वाटायचं. विष मात्र ठेवता येत नव्हतं, कारण त्याची बायको भागा. तिनं निक्षून सांगितलेलं, गणपतीचं वाहन आहे, विष घालायचं नाही. आणि चतुर्थीला तर पिंजरासुद्धा लावायचा नाही. त्या दिवशी भिवाभाऊ केविलवाण्या तोंडानं सांगायचा, "आज मामांचा वार हाय."

एकदा लेण्याद्रीला आलेली पुण्याची मंडळी त्याच्या जीपमध्ये बसली. त्यांतल्या एका बाईंनी मोदकाचा तुकडा सीटवर सांडला. भिवाभाऊनं गाडी कडेला घेतली, सीटखालची केरसुणी काढली आणि सगळ्यांना उतरवून झाडायला लागला. बाई म्हणाल्या, "अहो, खाल्ला उंदरानं तर काय झालं? बाप्पाचं वाहन आहे ते."

"व्हय बाई," भिवाभाऊ झाडता झाडता म्हणाला, "त्यांचं वाहन त्यांनी वर डोंगरावर ठिवावं. माझं वाहन हे हितं खाली उभं हाय. ह्याच्या पोटात कुणी परसाद घालू नये."

त्याच्या बोलण्यात आणखी एक खोड होती, तीही आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं सगळं तिच्यापाशीच येऊन अडतं. आमच्याकडं दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत, लांबडं म्हणतात. भिवाभाऊ दिवसासुद्धा लांबडं म्हणायचा नाही. त्याला तेवढंही नाव जास्त वाटायचं. तो म्हणायचा, पावणं. "मामा आले की त्यांच्या मागनं पावणं जेवायला येतंच, आक्का. आणि नाव घेतलं की त्याला वाटतं, आपल्याला हाक मारली." तसाच बिबट्याला तो सायेब म्हणायचा. उसात सायेब आल्यात, तिकडनं जाऊ नका. त्याच्या जीपमध्ये बसून शाळेला गेलेल्या सगळ्या पोरांना ही भाषा यायची. ती पोरं त्याला तात्या म्हणायची. मामा म्हणायची सोय नव्हती, कारण मामा म्हटलं की तो चमकून बॉनेटकडं बघायचा.

तो जन्मापासूनच भित्रा होता. पण मामांना भ्यायला लागला तो एका संध्याकाळपासून, आणि त्या संध्याकाळी मी त्याच्या गाडीत होते.

घोडेगावला साखरपुडा होता. आम्ही सहा बायका आणि भिवाभाऊ. दिवसभर जीप त्या पाहुण्यांच्या कांद्याच्या चाळीला टेकून उभी होती. निघायला उशीर झाला. मोठा रस्ता सोडून आतल्या रस्त्याला लागलो तेव्हा दिवस मावळलेला, पण उजेड अजून होता. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. आम्ही नवरीच्या सासूबद्दल बोलत होतो. एवढ्यात जळक्या रबराचा वास आला आणि कुणी हात न लावता हॉर्न वाजायला लागला. तो थांबेचना. आता आठवलं तरी माझ्या अंगावर काटा येतो, असा आवाज. जनावराच्या मानेवर कुणी गुडघा ठेवावा तसा तो हळूहळू घोगरा होत गेला आणि बंद पडला. त्याच्याबरोबर दिवे गेले, इंजिन गेलं. जीप आपल्या वजनानं चार हात पुढं गेली आणि उसाच्या मधोमध उभी राहिली.

त्याच रस्त्याला चार दिवसांपूर्वी बिबट्यानं गोठ्यातलं वासरू नेलं होतं. ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

भिवाभाऊनं फोन लावला. निमगावाहून ट्रॅक्टर निघतो म्हणाले, पण यायला वेळ लागणार होता. त्यानं आम्हाला काचा वर करायला लावल्या. आणि आपण काठी घेऊन खाली उतरला.

"भाऊ, आत ये," मी म्हटलं. "वेडा झालास का?"

"न्हाई आक्का. आत बसलं की काचंत आपलंच तोंड दिसतं. भ्यायचं तर बघून भ्यायचं."

काच लावून आम्ही त्याच्या पाठीकडं बघत बसलो. पाठीवर शर्ट थरथरत होता, वारा नव्हता तरी. काळोख उसातून वर येतो, वरून खाली पडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मग उसाचे शेंडे हलायला लागले. सगळे नाहीत. एकच ओळ. लांबून सुरू झाली आणि आमच्याकडं सरळ येत राहिली, सावकाश, कुणी आपल्याच वावरातून चालत यावं तशी. माझ्या शेजारच्या बाईनं माझ्या दंडात नखं रोवली. पाहुण्यांनी दिलेलं स्टीलचं पातेलं माझ्या मांडीवर होतं. मी त्यावर बांगड्यांचा हात मारायला लागले. मग सगळ्याच जणी पत्र्यावर, दारावर बुक्क्या मारायला लागल्या. ओळ बांधापाशी येऊन थांबली. भिवाभाऊ तिच्यासमोर उभा. तिथं काय होतं, ते कुणाला दिसलं नाही. पण काचेतूनसुद्धा एक उग्र वास आला, ओल्या घोंगडीसारखा. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग शेंडे पुन्हा हलले, आल्या वाटेनं मागं.

ट्रॅक्टर आला, त्याचा उजेड भिवाभाऊच्या तोंडावर पडला. तो रडत होता. आवाज नाही, नुसतं पाणी. तो पायरीवर बसला, पण काठी त्याच्या हातून सुटेना. बोटं आखडली होती. मी खाली उतरून एकेक बोट उलगडलं.

दुसऱ्या दिवशी ओतूरच्या वायरमननं बॉनेटखालून अंगठ्याएवढा जाड वायरींचा झुबका काढून दाखवला. तो कुरतडलेला. वायरमन म्हणाला, हल्लीच्या वायरींचं आवरण मऊ असतं, त्यांना गोड लागतं म्हणे. आणि स्टार्टरच्या वर घरटं होतं. कापूस, पत्रिकेचे तुकडे, आणि त्यात सहा गुलाबी पिल्लं, डोळे न उघडलेली. भिवाभाऊनं घरटं ओंजळीत घेतलं आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. शेवटी जाऊन कुंपणाच्या बुडाशी ठेवून आला. "त्यांनी बी घरच बांधलं व्हतं," मला म्हणाला. "पण आक्का, माझ्या स्टार्टरवर. आणि ती ब्रेकची नळी असती तर? घाटात असतो तर?"

ते "तर" त्याच्या डोक्यातून पुन्हा कधी निघालं नाही. त्या दिवसापासून थापा सुरू झाल्या.

आमचा विलास तेव्हा कॉलेजात होता. त्याला हसू यायचं. पुढं चाकणला कंपनीत लागला, दहा वर्षं तिकडंच राहिला, सुट्टीला यायचा तेव्हा म्हणायचा, "आई, तात्या गाडी चालवतोय का पूजा घालतोय? तेवढ्यात माणूस चालत ओतूरला पोचंल." मी म्हणायची, पोच की मग चालत. पण मनात मलाही वाटायचं, इतकं भ्यायला नको.

विलासचं लग्न झालं, सून कविता बाळंतपणासाठी माझ्याकडंच राहिली, तिला आई नव्हती म्हणून. दिवस भरत आले तसा विलास रजा टाकून आला. आणि एका सकाळी, मी चुलीपुढं होते, कवितानं हाक मारली. जाऊन बघते तर पाणी गेलेलं आणि त्यात लाल दिसत होतं. मी चार बाळंतपणं बघितलेली बाई. लाल म्हणजे काय, ते मला कळलं. पण तोंडावर दाखवलं नाही. सरकारी गाडीला फोन लावला, ती दुसऱ्या बाईला घेऊन लांब गेलेली. विलासकडं मोटारसायकल, तिच्यावर हिला कशी बसवणार? म्हटलं, तात्याला फोन लाव.

कवितानं माझा हात धरलेला आणि कळ चढत होती, त्यामुळं विलासचं बोलणं मी अर्ध्या कानानं ऐकत होते. "तात्या, कविताला लई त्रास व्हतोय, गाडी घेऊन या... काय?... मामा?... पावणं? अहो तात्या..." मग त्यानं फोन खाली घेतला. चेहरा काळा ठिक्कर पडलेला.

"मामा येऊन गेल्यात म्हणं, आणि पावणं बसल्यात. गाडीला हात लावू नको म्हणतो, दुसरं कायतरी बघतो म्हणतो. हितं माझी बायको मरतीय आणि ह्याला पावण्यांचं पडलंय. बघतोच त्याला."

फोन खाटेवर टाकून तो पाटावरून उडी मारून पळाला.

त्याचं काय चुकलं? भिवाभाऊचे खरे मामा होते आंबेगावाकडं, ते महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. त्यांच्याबरोबर दोन-चार पाहुणेही यायचे. विलासची शाळा ही भाषा निघायच्या आधीच संपलेली. दहा वर्षं चाकणला राहिलेल्या पोराला पावणं म्हणजे ओट्यावर चहा पिणारा माणूसच आठवणार.

कविताची कळ ओसरली. घरात शांत झालं. आणि तेव्हा ते दोन शब्द माझ्या कानातून पोटात उतरले. मामा येऊन गेल्यात. पावणं बसल्यात.

जीपची किल्ली भिवाभाऊच्या ओट्याच्या खांबाला, खिळ्यावर असायची. अडल्यानडल्याला कुणीही न्यावी, म्हणून. ते विलासला माहीत होतं.

मी भिवाभाऊला फोन लावला. लागेना, तो दुसऱ्या कुणाशी बोलत होता. पुन्हा लावला. कविता म्हणाली, "आत्या, काय झालं?" मी म्हटलं, "काय न्हाई गं. तू खांब धर. मी आत्ता आले." असं म्हणून रक्त जाणाऱ्या पोटुशीला एकटी टाकून मी पळाले. या गोष्टीसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही, आणि दुसरं काय करायला हवं होतं, तेही मला कुणी सांगितलेलं नाही.

अनवाणी, बांधावरून, पदर खोचून. पाटापाशी आले तेव्हा समोर अंगण दिसलं. ओट्यावर कुणी नाही. भागा रानात गेलेली. जीप उभी आणि तिच्यात विलास बसलेला. तो किल्ली फिरवत होता. टिक. पुढं काही नाही. पुन्हा टिक. माझा आवाज फुटेना. स्वप्नात होतं तसं. विलास खाली उतरला, दार आपटलं, पुढं गेला आणि वाकून बॉनेटच्या फटीत बोटं घातली. खटका शोधत होता. आडवा नाही, बाजूला नाही, सरळ समोर उभा. बॉनेट दोन बोटं वर आलं.

रस्त्याच्या बाजूनं भिवाभाऊ आला. तो खालच्या मळ्यात टोमॅटोची पिकअप मागायला गेला होता. काठीशिवाय मी त्याला अंगणातसुद्धा चालताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी हातात काही नव्हतं. त्यानं विलासला ढकललं नाही, ओरडला नाही. धावत आला तो तसाच छातीनं बॉनेटवर पडला. खट. बॉनेट बसलं. आणि आतून, त्याच्या छातीच्या खालून, फुत्कार आला. पाटापाशी उभी होते, मला ऐकू आला. मग पत्र्याला आतून टणकन काहीतरी लागलं.

विलास दोन पावलं मागं जाऊन खाली बसला.

"पावणं म्हंजी हे," भिवाभाऊ म्हणाला. गाल पत्र्याला टेकलेला. "हे, हे. बॅटरीशेजारी."

मी जवळ गेले. जीप बंद होती, तरी हलत होती. आरसे थरथरत होते, नंबरप्लेट वाजत होती. भिवाभाऊ कापत होता, आणि त्याच्याबरोबर अख्खी गाडी.

तिथं थांबायला वेळ नव्हता. पिकअप रस्त्यावर आणून लावलेली होती. भिवाभाऊ म्हणाला, मी चालवतो, मला रस्ता ठावा हाय. घरापाशी आलो, कविता खांबाला धरून तशीच उभी होती, ओठ पांढरे. तिला उचलून पुढं घेतली, शेजारी मी, मागं क्रेटमध्ये विलास. आणि भिवाभाऊ खाली उतरला.

मला कळलं, तो काय करणार आहे ते. मला किंचाळावंसं वाटलं. कविताच्या अंगातून रक्त जातंय, माझी मांडी ओली झालीय, आणि हा माणूस पिकअपच्या बॉनेटवर थापा मारतोय. एक. दोन. तीन. "मामा, उतरा, गाडी निघाली." आणि वीस मोजतोय. मी काचेतून त्याचे ओठ बघत होते. त्यांना घाई नव्हती आणि ते कापत होते. मागं विलास उभा राहून सगळं बघत होता. खाली उतरला, बाजूला उभा राहिला आणि भिवाभाऊला बॉनेट धरून दिलं.

लाल, पिवळी, काळी. मग निघालो. रस्ताभर मी देवाचं नाव घेत नव्हते, भिवाभाऊच्या हातांकडं बघत होते. स्टिअरिंगवर ते पांढरे पडले होते, पण गाडी एका खड्ड्यात गेली नाही.

दवाखान्यात पोचलो, दुपारच्या आत नात झाली. आरू. आई वाचली, लेक वाचली. विलास सांगायला बाहेर पळाला, तर भिवाभाऊ पिकअपखाली वाकून बघत होता.

"तात्या, मुलगी झाली."

"बरं झालं," तो खालूनच म्हणाला. "त्या चाकापास्नं लांब उभा ऱ्हा."

संध्याकाळी विलासनं विचारलं, "तात्या, तुमी सरळ साप हाय म्हणून का न्हाई सांगितलं?"

भिवाभाऊनं घाबरून इकडंतिकडं बघितलं. "कसं सांगणार? मी गाडीपाशीच उभा व्हतो. ते ऐकत व्हतं."

दुसऱ्या दिवशी साप पकडणारा एक जण आला आणि त्यानं नाग बरणीत घालून नेला. हाताएवढा जाड. आणि वायरमननं बघितलं, तर स्टार्टरची वायर मामांनी साफ तोडलेली. म्हणून गाडी सुरू झाली नव्हती. मग एकदा भाऊबीजेला भिवाभाऊ पाटावर बसला असताना म्हणाला, "आक्का, वायर धड असती तर विलासनं गाडी सुरू केली असती. तुझ्या दारात आणली असती. कविता पुढं बसली असती. डॅशबोर्डाखाली केवढं भोक हाय, तुला म्हाईत न्हाई. पावणं तिच्या पायावर उतरलं असतं." त्या रात्री मी झोपले नाही, आणि पुढच्या कितीतरी रात्री आरूला कुशीत घेऊन मी पायाखालचं पांघरूण झटकत राहिले.

मामांना त्यानं पुन्हा शिवी दिली नाही. चतुर्थीला लाडवाचा तुकडा ठेवायला लागला. जीपमध्ये नव्हे हो. भिंतीच्या बुडाशी, जीपपासून मोजून वीस पावलांवर.

मग त्याला दम लागायला लागला. चालताना थांबायचा, छातीवर हात ठेवायचा. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, ह्यांचं हृदय मोठं झालंय, जपायला हवं. भागा मला सांगायला आली, डोळे पुसत होती, पण त्यातच हसली. "आक्का, गावानं जन्मभर सशाचं काळीज म्हटलं माझ्या नवऱ्याला. डॉक्टर म्हंत्यात, मोठं हाय."

एका दुपारी त्याला जास्त झालं. अँब्युलन्स आली, त्याच्या दारातल्या चिंचेखाली उभी राहिली. आम्ही सगळे जमलो. विलास सुट्टीला आलेला होता. भिवाभाऊला स्ट्रेचरवर आत घेतलं, नाकातोंडावर मास्क लावला. ड्रायव्हर दार लावायला लागला, तर भिवाभाऊनं हात वर केला आणि मास्क बाजूला सारला.

"थाप मारली का?"

ड्रायव्हरला कळेना. "काका, काय पायजे?"

"बॉनेटवर."

"अहो काका, गाडी आत्ताच आलीय. इंजिन गरम हाय."

"गरमालाच येत्यात," भिवाभाऊ म्हणाला. त्याचे डोळे तेच, मोठाले. ते माझ्याकडं वळले.

मी पुढं गेले. तीन थापा मारल्या. पत्रा भाजत होता. "मामा, उतरा," म्हटलं, आणि पुढचं मला म्हणवेना. विलास धावत जाऊन घरातली निरगुडीची काठी घेऊन आला. मी वीस मोजले. ड्रायव्हर घड्याळाकडं बघत होता. मग त्यानं खटका ओढला. विलास बाजूला उभा राहिला, समोर नाही, आणि काठीच्या टोकानं बॉनेट उचललं. मी वीस मोजले. मग फोनची बॅटरी पेटवून आत बघितलं. इंजिनापासून तळापर्यंत. आत काही नव्हतं.

मागं येऊन त्याच्या पायापाशी उभी राहिले.

"बघितलं, भाऊ. लाल, पिवळी, काळी, निळी. समद्या धड हायेत."

"पावणं?"

"न्हाई."

"नीट बघितलं?"

"भ्यायलेच व्हते. नीटच बघितलं."

भागा आत चढली, त्याच्या उशाशी बसली. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. त्या आवाजाला भिवाभाऊ दर वेळी सावध व्हायचा, मान ताणायचा, डोळे ताठ करायचा. त्या दिवशी इंजिन लागलं आणि दार मिटता मिटता मला तो दिसला. मास्क पुन्हा तोंडावर, हात भागाच्या हातात, आणि डोळे मिटलेले. गाडी सुरू होताना भिवाभाऊनं डोळे मिटलेले मी कधी बघितले नव्हते.